पुणे ते श्रवणबेळगोळ : मागच्या आसनावरचा रोजमेळ

पुण्याहून श्रवणबेळगोळला मोटारीने जायचे म्हणजे सुमारे आठशे किलोमीटरचा पल्ला. हुबळीला मुक्काम केला तरी दोन दिवस बहुतेक गाडीतच जातात. पुढे आजोबा, मागे आजी आणि नातवंडे, डिकीत खाखरे, चिवडा आणि सुक्या मेव्याचे डबे, अशी गाडी पहाटे कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडते आणि खंबाटकीचा घाट येण्यापूर्वीच मागून प्रश्न येतो, “अजून किती वेळ?” या प्रश्नाचे उत्तर म्हणून हल्ली मोबाईल पुढे केला जातो. गाडीत तत्काळ शांतता पसरते.

ही शांतता घाटापर्यंतच टिकते. डोळे स्थिर पडद्यावर आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र प्रत्येक वळण टिपत असते. दोघांची साक्ष जुळत नाही आणि मुलाला मळमळू लागते. दोन ते बारा या वयात हा त्रास अधिक. दूरवर बाहेर पाहणे हा त्यावरचा साधा आणि पुष्कळदा पुरेसा उपाय. पण मूल बाहेर पाहील ते तिथे पाहण्याजोगे काही आहे असे त्याला कोणी दाखविले तर. दाखविणारा बहुधा पुढच्याच आसनावर बसलेला असतो. ज्या आजोबांनी ऐन उमेदीत याच रस्त्याने मालाची खरेदी केली, त्यांच्या डोक्यात कोणत्या गावाचा माल कोणता, हे पेठेगणिक लिहिलेले असते. ती वही कुणी उतरवून घेतली नाही, तर ती त्यांच्याबरोबरच मिटते.

म्हणून मुलाला करमणुकीपेक्षा काम द्यावे. व्यापारी घरात सर्वांत सोपे काम म्हणजे प्रवासाचा रोजमेळ. एक साधी वही, आरंभीची शिल्लक, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. डिझेल, चहा, नारळपाणी, सगळे त्यात यावे. पथकर आता फास्टॅगने परस्पर कापला जातो, त्यामुळे पैसा हातातून गेलेला मुलाला दिसतच नाही. वडिलांच्या मोबाईलवर आलेला संदेश वाचून तो आकडा मांडायचा, तेव्हा कुठे रस्ता फुकटचा नाही हे कळते. रात्री मुक्कामी शिल्लक जुळलीच पाहिजे. दहा रुपयांचा फरक शोधताना मुले जितकी रंगतात, तितकी कोणत्याही खेळात रंगत नाहीत.

दुसरे काम मालट्रक ओळखण्याचे. कऱ्हाडच्या आसपास उसाच्या गाड्या, कोल्हापूरचा गूळ, सांगलीकडची हळद, निपाणीची तंबाखू. हावेरी जिल्ह्यात ब्याडगीची मिरची, जिला रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. तिचा भाव रंगावर का ठरतो, हे सांगायला आजोबांइतका अधिकारी माणूस नाही. दावणगेरे एकेकाळी कापडगिरण्यांचे गाव. आता मुलांना ते लोणी घातलेल्या डोशामुळे आठवते, आणि त्यात गैर काही नाही. हिरियूरला महामार्ग सोडून तिपटूरकडे वळले की माडांची राने लागतात. तिपटूर ही सुक्या खोबऱ्याची मोठी पेठ.

नद्यांची मोजदाद हे तिसरे काम. नीरा, कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, पुढे हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा, हरिहरजवळ तुंगभद्रा. यादी पूर्ण झाली की नकाशा उघडून शोधायला लावावे, की या साऱ्यांचे पाणी अखेर जाते कुठे. नीरा भीमेतून, घटप्रभा थेट, पण सगळ्या शेवटी कृष्णेतच मिळतात. श्रवणबेळगोळ मात्र कावेरीच्या खोऱ्यात आहे.

कागल मागे पडले की पाट्यांची लिपी बदलते आणि नुकते वाचू लागलेले मूल पुन्हा निरक्षर होते. त्यावर या रस्त्यानेच एक युक्ती करून ठेवली आहे. हुबळी, हावेरी, हरिहर, हिरियूर ही चारही नावे ‘ह’ने सुरू होतात. मोठ्या पाट्यांवर इंग्रजी नाव शेजारी असते. ते पाहून मुले एकच कन्नड अक्षर उकार, काना आणि वेलांटीसह ओळखू लागतात.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असल्याने दुपारनंतर घड्याळावर मोठ्यांचीच नजर असते. हे कामही मुलांवर सोपवावे. हात समोर ताठ धरून क्षितिज आणि सूर्याची खालची कड यांच्यामध्ये किती आडवी बोटे मावतात ते मोजावे. एक बोट म्हणजे साधारण पाव तास. सूर्याकडे थेट रोखून पाहू नये, एवढे मात्र आधी बजावावे. चार बोटे उरली असे मागून जाहीर झाले की वडील निमूटपणे गाडी जेवणासाठी थांबवतात.

तिसऱ्या दिवशी, दगड तापण्यापूर्वी, विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या. गंगांचे मंत्री चावुंडराय यांनी इ. स. 981 च्या सुमारास घडविलेली बाहुबलींची सुमारे 57 फुटी मूर्ती पाहताना मुलांची मान प्रथम वर जाते. दर्शन झाले की त्यांना खाली, मूर्तीच्या पायांजवळ पाहायला सांगावे. एका बाजूला कन्नड आणि तमिळ लेख आहेत, तर दुसऱ्या बाजूला नागरी लिपीत मराठी, आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. चावुंडरायांनी ही मूर्ती करविली आणि गंगराजांनी भोवतालची ओवरी करविली, एवढाच त्याचा आशय. दोन दिवस कन्नड पाट्यांशी झटापट केलेल्या मुलांना इतक्या दक्षिणेत ओळखीचे ‘श्री’ सापडते आणि आजोबा चष्मा पुसून पुढची अक्षरे लावू लागतात.