पंप बसण्याआधी

डिझेल पंप एका रात्रीत सहसा जात नाही. जाण्याआधी तो बरेच दिवस कुरकुरत असतो. पूर्वी सेल्फ मारला की लगेच पकडणारी गाडी आता वेळ लावते. उभ्या गाडीचा आवाज वरखाली होतो, जणू कोणी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून काढतंय. भरल्या गाडीला चढण लागली की ती एक गिअर खालचा मागते आणि आरशात काळा धूर दिसू लागतो. मालकाला यातलं फारसं कळत नाही, कारण मालक गाडीत नसतो. ड्रायव्हरला मात्र सीटमधून, स्टिअरिंगवरच्या तळव्यांतून सगळं कळत असतं. म्हणून गाडी लांबच्या भाड्याला लावण्याआधी पहिल्यांदा विचारायचं ते त्याला.

श्रावण सरत आला की आमच्या भागात कांद्याच्या चाळी उघडू लागतात. उन्हाळ कांदा बाजारात येतो, लिलाव होतो, व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर निवड होऊन गोण्या भरल्या जातात आणि लासलगाव-पिंपळगावहून गाड्या उत्तरेला निघतात. दिल्लीपर्यंत बाराशे किलोमीटरच्या वर रस्ता. राहूड घाट उतरायचा, शिरपूर सोडलं की सातपुड्यातला बिजासन घाट चढायचा, आणि खलघाटला नर्मदा ओलांडली की मानपूरकडे विंध्याची चढण. आमची गाडी जुनी, सहाचाकी टाटा, इनलाइन पंपाची. अशाच एका दिल्लीच्या भाड्याआधी आमचा ड्रायव्हर म्हणाला, "दादा, थंड गाडी ठीक उठते. पण गरम झाल्यावर ढाब्यावर बंद केली, की परत उठायला लई त्रास देते."

हे वाक्य कानाआड करण्यासारखं नव्हतं. पंपाच्या पोटात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि त्याचं बॅरल असतं. मिस्त्री लोक या जोडीला एलिमेंट म्हणतात. दोघांमध्ये फट असते दोन ते चार मायक्रॉनची. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज करावा. एलिमेंट झिजलं की फट वाढते. डिझेल थंड असताना थोडं घट्ट असतं, तेव्हा वाढलेल्या फटीतूनही दाब तयार होतो. तेच तापून पातळ झालं की फटीतून मागे सरकतं, आणि सेल्फच्या मंद फिरण्यावर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाब बनतच नाही. मालक सकाळी अंगणात गाडी चालू करून बघतो, ती पटकन उठते, आणि तो निर्धास्त होतो. दुपारी सेंधव्याच्या अलीकडे, तापल्या इंजिनावर, तीच गाडी ढिम्म हलत नाही. मग ड्रायव्हर जेवतानाही इंजिन बंद करायचं टाळतो. ढाब्याबाहेर उगाच घरघरत उभा असलेला ट्रक दिसला, तर त्यामागे असं दुखणं असू शकतं.

पण सुरुवातीलाच पंप खोलणं हा अन्याय आहे. गाडीवर आणि खिशावरही. आमच्याकडे ज्यांचा शब्द चालतो ते उस्ताद म्हणाले, "पंपाला हात लावू नका अजून. आधी त्याला डिझेल तरी नीट मिळतंय का ते बघू." मग त्यांनी टाकीपासून सुरुवात केली. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, आतली जाळी, टाकीतून येणारा पाइप, फीड पंप, फिल्टर, आणि प्रत्येक जोडावरचे वॉशर. एखादा वॉशर बसला नसेल तर तिथून डिझेल गळेलच असं नाही, पण हवा आत ओढली जाते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही, आणि या एका फरकावर सगळं इंजिन उभं आहे. फिल्टरच्या पुढे त्यांनी थोडी पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू केलं. नळीतून बुडबुड्यांची बारीक माळ सरकताना दिसली. वॉशर बदलले, फिल्टर नवे टाकले, हातपंप मारून हवा काढली. बुडबुडे थांबले आणि गाडीचा वरखाली होणारा आवाजही बराच शांत झाला. अनेक गाड्यांचं दुखणं इथेच संपतं आणि पंपाचा खर्च वाचतो. आमचं संपलं नाही. गरम गाडी अजूनही उठत नव्हती. तेव्हा कुठे पंप उतरवला.

पंप रूम ही मला गॅरेजांच्या वस्तीतली सगळ्यात शांत जागा वाटते. बाहेर हातोडे, वेल्डिंग, ग्रीस, चिखल. आत मात्र झाडलेली फरशी, बंद दार, पत्र्याच्या ट्रेमध्ये स्वच्छ डिझेलात बुडवून ठेवलेले सुटे भाग. उस्तादांनी एक एलिमेंट ट्रेमधून काढलं. बॅरल तिरकं धरलं, प्लंजर थोडा वर ओढला आणि सोडला. चांगला प्लंजर अशा वेळी स्वतःच्याच वजनाने, कुठेही न अडखळता, सावकाश खाली उतरतो. हा आला तो घसरतच. दुसरा मध्येच अडला, त्याच्या अंगावर बोटाला न लागणारी पण उजेडात दिसणारी उभी रेघ होती. एका जोडीतला प्लंजर ते दुसऱ्या बॅरलमध्ये कधी घालत नाहीत. जोडी घासून एकमेकांपुरतीच बनवलेली असते.

त्याच प्लंजरवर एक तिरकी खाच असते, ती मी तेव्हा नीट पाहिली. पंपाचा फटका नेहमी तेवढाच असतो. ड्रायव्हरने पाय दाबला की प्लंजर फक्त आपल्या जागी किंचित वळतो, खाच उशिरा उघडते आणि तेवढं डिझेल जास्त जातं. चौदा-पंधरा टन ओढणारी ताकद त्या खाचेच्या तिरपेपणावर ठरते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर पंप हजार घेतो, म्हणजे प्रत्येक प्लंजर सेकंदाला सोळा-सतरा वेळा मारतो. दर फटक्याला जेमतेम दीड-दोन थेंब. जुन्या इंजिनातलं नोझल उघडायला साधारण दोनशे बार दाब लागतो. ट्रकच्या टायरात आठ बारच्या आसपास हवा असते, त्याच्या पंचवीसपट.

इतक्या दाबाने थेंबभर इंधन मारणं किती अवघड आहे ते रुडॉल्फ डिझेललाही ठाऊक होतं. १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वी झालं, तेव्हा त्यात इंधन दाबाच्या हवेने फवारलं जायचं. त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागायचा, म्हणून ते इंजिन कारखान्यांत आणि जहाजांत अडकून राहिलं. १९१३ मध्ये डिझेल गेला, तेव्हा त्याचं इंजिन ट्रकमध्ये अजून रुळलं नव्हतं. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात असे पंप मोठ्या संख्येने बनू लागले आणि डिझेल इंजिन रस्त्यावर पसरलं. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळुरूत मायको ही पंपांची कंपनी सुरू झाली, १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डायमलर-बेंझच्या साथीने जमशेदपूरला ट्रक बनवले, पुढे मायकोचा नोझलचा कारखाना नाशिकलाही आला. २००८ मध्ये मायकोचं नाव बॉश झालं. नाशिकचा चौक अजून मायको सर्कल आहे आणि उस्तादांच्या तोंडी पंप अजून मायकोचाच आहे.

एलिमेंट झिजतं ते मुख्यतः घाण, पाणी आणि भेसळ यांनी. या पंपाच्या प्लंजरला वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात रॉकेल मिसळलं की ते वंगण पातळ होतं. रेशनच्या रॉकेलला निळा रंग द्यायची वेळ आली ती या भेसळीमुळेच. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी जमतं. पाण्याने गंज चढतो आणि गंजाचा कण प्लंजरवर रेघ ओढतो. म्हणून रात्री टाकी भरून ठेवणं आणि फिल्टरच्या तळाचं पाणी काढणं ही जुन्या ड्रायव्हरांची सवय सोन्यासारखी आहे. नव्या बीएस-सिक्स गाड्यांत कॉमन रेल आहे, दाब सोळाशे बारच्या पुढे जातो, आणि तिथे तर पाण्याचा थेंबही फार महाग पडतो. त्या चालू इंजिनाचा पाइप ढिला करायला कोणी जाऊ नये, ती धार कातडी भेदून आत शिरते.

नवी एलिमेंट बसली, पंप टेस्ट बेंचवर चढला. सहा पाइप, सहा काचेच्या नळ्या, ठरलेले फटके. चौथी नळी थोडी मागे राहिली. उस्तादांनी स्क्रू सैल केला, केसभर वळवला, पुन्हा फटके मारले. सहाही नळ्यांत डिझेल एका रेषेत येईपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. मग गाडीवर पंप बसवताना फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवत टायमिंग जुळवलं. बाकदार नळीतून वाहणारी डिझेलची धार तुटते, थेंब पडू लागतात, आणि ती धार नेमक्या ठरलेल्या खुणेवर तुटेल असा पंप आवळायचा.

या सगळ्यात दोन दिवस गेले आणि ते भाडं दुसऱ्या गाडीला गेलं. ते जाणं योग्यच होतं. पावसाळी हवेत ताडपत्रीखाली उभा राहिलेला कांदा घाम धरतो, खालच्या थरापासून सडतो, आणि मधल्यामध्ये परक्या गावात, अनोळखी गॅरेजसमोर अडकतो तो ड्रायव्हर. मालकाचं नुकसान पैशात मोजता येतं. ड्रायव्हरच्या त्या रात्री कोणी मोजत नाही.

ज्यांच्याकडे जुन्या पंपाची गाडी आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. लांबचं भाडं घेण्याआधी गाडी तासभर चालवून चांगली गरम करा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि परत सेल्फ मारा. लगेच उठली तर माल भरा. नाही उठली तर भाडं दुसऱ्याला द्या आणि पंप रूमला जा.