कशावरून?

कोपऱ्यावरच्या घरात चोरी झाली, एवढं बोललं की मराठीत वाक्य पुरं होतं. चोर मी पाहिला, तुटलेलं कुलूप पाहिलं, की दूधवाल्याने सांगितलं, याचा खुलासा करायला व्याकरण मला भाग पाडत नाही. कोलंबिया-ब्राझील सीमेवर, वाउपेस नदीच्या खोऱ्यात बोलल्या जाणाऱ्या तुयुका भाषेत ही सवलत नाही. जॅनेट बार्न्स यांनी १९८४ मध्ये तिच्या क्रियापदांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ‘तो फुटबॉल खेळला’ हे वाक्य तिथे पाच प्रत्ययांनी पाच तऱ्हांचं होतं: खेळताना पाहिला, नुसता आवाज ऐकला, मैदानावर त्याच्या पावलांचे ठसे दिसले, कुणाकडून कळलं, किंवा एकूण रीत बघता खेळला असणार. यातला एक निवडल्याशिवाय सुटका नाही.

वाचून वाटतं, काय प्रामाणिक माणसं असतील! पण खोटं बोलणाऱ्याला तिथेही ‘पाहिलं’चा प्रत्यय लावता येतोच. त्याला फक्त दोनदा खोटं बोलावं लागतं, एकदा घटनेबद्दल आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांबद्दल. घटना खरी आणि साक्ष खोटी, असंही होऊ शकतं. प्रत्यय सांगतो ते एवढंच, की हे घडलं तेव्हा बोलणारा कुठे होता.

या ‘कुठे’चा कीस आपल्याकडे फार पूर्वी काढला गेला. आजच्या आधी आणि बोलणाऱ्याच्या डोळ्याआड जे घडलं, त्याच्यासाठी पाणिनीने संस्कृतात लिट् हा वेगळा भूतकाळ सांगितला. पाणिनीच्या सूत्रांवरच्या महाभाष्यात पतंजली विचारात पडतो, डोळ्याआड म्हणजे किती आड? कुणाच्या मते शंभर वर्षांपूर्वीचं, कुणाच्या मते हजार, कुणाच्या मते दोन-तीन दिवसांपूर्वीचंही. आणि कुणाला मध्ये भिंत किंवा चटई आली तरी पुरे. यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, साकेताला घातलेला वेढा बोलणाऱ्याने पाहिलेला नाही, पण घटना सर्वांना ठाऊक आहे आणि तो गेला असता तर त्याला दिसली असती. म्हणून तिथे लिट् नको. कृष्णाने कंसाला मारलं, तिथे मात्र लिट्च हवा. गंमत अशी, की पुढे इतिहासकारांनी पतंजलीचा काळ ठरवताना याच वेढ्याच्या उदाहरणाचा आधार घेतला.

मग ‘मी’चं काय? स्वतःचं कृत्य स्वतःच्या डोळ्याआड कसं असेल? झोपेत बडबडलो, नशेत बरळलो, तर असेल. शाकटायन नावाचा वैयाकरण रस्त्यातच बसला होता आणि समोरून गेलेला गाड्यांचा तांडा त्याला कळलाच नाही, असंही पतंजली सांगतो. मन जागेवर नसेल तर उघड्या डोळ्यांसमोरचंही परोक्ष, म्हणजे डोळ्याआडचंच. तुर्की माणूस डुलकीतून जागा होतो तेव्हा ‘झोपलो’ या क्रियापदाला ‘मिश’ प्रत्यय लावतो. ऐकीव बातमीला आणि परीकथेलाही तोच प्रत्यय लागतो.

मराठीत हे काम ‘म्हणे’वर भागतं. ‘रात्री मी घोरत होतो म्हणे.’ प्रत्येकाच्या आयुष्याची पहिली काही वर्षं अशी म्हणेत जमा असतात. लहानपणी पंढरपूरच्या गर्दीत मी हरवलो होतो म्हणे. आईने, आत्याने, मामाने हे इतक्यांदा सांगितलं, की आता मला ती गर्दी दिसते, ज्याच्या खांद्यावर बसून परत आलो तो पोलीस दिसतो, आणि सांगताना ‘म्हणे’ आपोआप गळतो. सक्तीचा नाही, म्हणून गळतो. शिवाय तो लबाडही आहे. ‘विद्वान आहे म्हणे’ ही ऐकीव माहिती झाली. तोच शब्द पुढे आणून ‘म्हणे विद्वान!’ म्हटलं, की विद्वानाची अब्रू गेली.

सक्ती नसताना स्रोत जपणारी माणसंही मराठीत झाली. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवल्या, त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून. पुढे मूळ पोथी हरवली आणि आठवणीतून पाठ जुळवावे लागले, तेव्हा अमुक पाठ हिराइसेचा, तमुक परशरामबासांचा, अशा नोंदी राहिल्या. आज व्हॉट्सॲप आलेला निरोप पुढे पाठवला की त्यावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का मारतं. २०१८ साली आलेला हा यांत्रिक ‘म्हणे’च, पण मुळात कोण म्हणे, ते तो सांगत नाही, आणि मजकूर कॉपी करून चिकटवला की तोही पुसला जातो.

तेव्हा मराठीत हे काम शेवटी ऐकणाऱ्याकडे येतं. अडचण अशी, की आपल्याकडे ‘कशावरून?’ विचारलं की समोरच्याला आपण खोटा ठरलो असं वाटतं आणि बोलणं तिथेच तुटतं. तुयुका माणसाला हा प्रश्न कुणी विचारायच्या आत त्याचं क्रियापद उत्तर देऊन मोकळं होतं, म्हणून त्यात अपमान उरत नाही. आपलं क्रियापद गप्प राहतं. निदान प्रश्न विचारणाऱ्यावर रागवायचं नाही, एवढा नियम तरी आपण करून घ्यावा.