हे आपल्याकडे असतात का?

टेंभी नाका, ठाणे
कार्तिक पौर्णिमा

चि. सौ. सोनू हिस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नाताळच्या सुट्टीत चौघं येताय हे वाचून माझ्या दादाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आणून ठेवलंय. पत्रातला एक मजकूर मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये तुम्ही सकाळी शिरलात, संध्याकाळपर्यंत एकही दालन सोडलं नाहीत, आणि घरी आल्यावर धाकटीला काय पाहिलंस विचारलं तर ती म्हणाली, ‘पाय दुखतात.’ आता मुंबईचं म्युझियम दाखवायचंय, तिथेही असंच झालं तर, असं तू विचारतेस. म्हणून हे लांबलचक पत्र.

मी चौथीत असताना बाबांनी आम्हा सगळ्यांना म्युझियम दाखवायला नेलं होतं. तेव्हा त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं. बाबांना एका दिवसात सगळं दाखवायचं होतं. मूर्ती, चित्रं, हत्यारं, चिनी मातीची भांडी, सगळं. प्राण्यांच्या दालनात आजीचे पाय दुखायला लागले. मला तिच्यापाशी ठेवून बाबा बाकीच्यांना घेऊन पुढे गेले. त्या दिवसाचं मला आज जे काही आठवतं, ते आजीसोबत थांबले त्या अर्ध्या तासातलं आहे.

आमच्यासमोर रोहित पक्ष्यांचा देखावा होता. काचेमागे लांब पायांचे गुलाबी पक्षी आणि त्यांच्यामागे रंगवलेलं पाणी आणि आभाळ. जमीन कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं ते शोधायचा मी सारखा प्रयत्न करत होते. वाकडी चोच पाहून आजी म्हणाली, हा जेवतो कसा गं? मग मी स्वतः कंबरेत वाकून, डोकं उलटं करून पाहिलं. तो खरंच तसाच जेवतो, डोकं उलटं धरून, चोचीने चिखलपाणी गाळून. हे मला पुढे पुस्तकात सापडलं, पण कळलं होतं ते तिथेच. आजीने शेवटी विचारलं, ‘हे आपल्याकडे असतात का?’ मी म्हटलं, नाही गं, हे लांब असतात.

तेव्हा ते उत्तर बरोबर होतं. नव्वदच्या दशकात रोहित शिवडीच्या चिखलावर उतरू लागले, मग ठाण्याच्या खाडीतही त्यांचे हजारोंचे थवे येऊ लागले. २०१५ साली खाडीच्या सुमारे १६९० हेक्टरांवर रोहित अभयारण्य जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. काचेमागे पाहिलेला पक्षी माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आला, तेव्हा आजी नव्हती. पहिल्यांदा तो थवा उडताना पाहिला तेव्हा मला तिचाच प्रश्न ऐकू आला.

उलटंही झालंय. लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की आभाळात गिधाडं घिरट्या घालायची. ती इतकी असायची की त्यांच्याकडे कोणी मुद्दाम पाहतही नसे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक त्यांच्या मुळावर आलं. ते औषध दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडं त्याचं मांस खात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरात एखादं उरावं अशी संपली होती. म्हणून, सोनू, मला म्युझियम शाळेतल्या हजेरीपटासारखं वाटतं. नावं आत लिहिलेली आहेत. कोण हजर, कोण गैरहजर ते बाहेर येऊन पाहायचं. मुलांना तिथे न्यायचं ते यासाठी.

आता बेत. रविवार नको, रेल्वेच्या मेगाब्लॉकमध्ये दादाचे हाल होतील. मधला वार धरू. मुलांना घरी पोटभर उपमा खायला घालायचा, साडेदहानंतर गर्दी ओसरली की जलद गाडी पकडायची. थोरल्याला सांग, हा साधा प्रवास नाही. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ती याच ३४ किलोमीटरांवरून. सीएसएमटीवरून दादासाठी टॅक्सी करू.

तिथे पोचल्यावर इमारत बाहेरूनच पाहून घेऊ. वास्तुकार जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडिया बांधणाराच. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, इमारत १९१४ ला तयार झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. लोकांसाठी दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ ला. हे पाच मिनिटांत सांगून होईल. मग सरळ प्राण्यांच्या दालनात जायचं, आणि तिथेही चारच जणांपाशी थांबायचं: रोहित, मोठा धनेश, गवा आणि वाघ. बाकीच्यांवरून नजर फिरली तरी पुरे.

प्रत्येकाला एकेक वही देऊ. नाव लिहायचं, जे दिसतं ते काढायचं, आणि खाली आजीच्या प्रश्नाचं उत्तर. वाघ आपल्या येऊरच्या जंगलात नाही, तिथे बिबट्या आहे. वाघ ताडोब्याला हजर. गवा दाजीपूरला हजर. मोठा धनेश तळकोकणातल्या दाट जंगलात, पण त्याचा धाकटा भाऊ राखी धनेश आपल्या ठाण्यातल्या पिंपळावर येतो, तो मी मुलांना दाखवीन. धाकटीचे पाय दुखले की जिथे असू तिथे बसायचं आणि समोर जे असेल ते पाहायचं. पुढे ओढायचं नाही.

धनेशापाशी एक गोष्ट सांगायची आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ जणांनी काढली. त्यात दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सोसायटीच्या कचेरीत विल्यम नावाचा एक धनेश १८९४ पासून १९२० पर्यंत राहिला, आणि त्याच्यामुळेच धनेश हे तिचं बोधचिन्ह झालं. आज तिची हॉर्नबिल हाउस ही वास्तू म्युझियमच्या शेजारीच आहे. १९०८ मध्ये दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा त्या सोसायटीत मेलेली चिमणी घेऊन गेला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, आणि ही कोण, एवढंच त्याला विचारायचं होतं. सचिव मिलर्ड यांनी त्याला हाकलून न देता खण उघडून पक्षी दाखवले. तो मुलगा सालिम अली. १९२६ साली ते याच म्युझियमच्या प्राणिविभागात माहिती सांगणारे व्याख्याते झाले, आणि १९४५ मध्ये कच्छच्या रणात जाऊन त्यांनी रोहितांची विणीची वसाहत पाहिली. काचेपासून रणापर्यंतची ही वाट थोरल्याला नक्की आवडेल.

दोन तास झाले की बाहेर. मूर्ती आणि चित्रं पुढच्या खेपेला.

आणि चार दिवसांनी खाडीवर. ऐरोलीला वनखात्याच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट जाते. बोटीला पाणी लागतं आणि रोहितांना चरायला चिखल, म्हणून भरतीची वेळ पाहूनच जायचं. बाबांनी शिकवलेला हिशेब तुला ठाऊक असू दे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वादशीला नऊच्या सुमारास. नाताळापर्यंत पहिले थवे बहुधा आलेले असतात. मोठी गर्दी पुढे फेब्रुवारी-मार्चात. थोडे दिसले तरी चालतील. वही सोबत हवीच, हजेरी तिथे लागणार आहे.

लंडनला परत गेलात की एकदा मुलांना घेऊन तिथल्या म्युझियममधल्या त्या देवमाशाखाली उभी राहा. १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला तो निळा देवमासा, पंचवीस मीटर लांब. बाकी काही पाहू नका. फक्त धाकटीला विचार, हे आपल्याकडे असतात का? असतात, आपल्या अरबी समुद्रात. २०१५ साली सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापुढे ते दिसले होते. पण हे उत्तर लगेच देऊ नकोस. तिला आधी मान वर करून पाहू दे.

जावईबापूंना आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझी,
आत्या

ता. क. – वह्या मी जांभळी नाक्यावरून आणून ठेवल्यात, कोऱ्या, रेघा नसलेल्या. दादाने स्वतःसाठीही एक मागितली आहे.