सवतीची बहीण

आमच्या लग्नाला दोनच महिने झाले होते. विशाखापट्टणच्या क्वार्टर्समध्ये शेजारी एक पंजाबीण राहायची. तिनं मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "पाणबुडीवाल्याशी लग्न केलंस ना? मग सवत सांभाळायची तयारी ठेव. ती तिकडे धक्क्याला बांधलेली असते." साल १९८१. मी वेंगुर्ल्याची, एकवीस वर्षांची. मला हसूच आलं. सवत म्हणे लोखंडाची!

वर्ष सरेपर्यंत हसू मावळलं. हे पाणबुडीवर इंजिन सांभाळायचे. बोट समुद्रावर गेली की कुठे गेली, किती दिवसांसाठी गेली, ते कुणी सांगायचं नाही आणि आम्ही विचारायचं नाही. परत यायचे ते डिझेलचा वास घेऊन. आधी वास यायचा, मग माणूस. कपडे धुण्याच्या सोड्यात उकळा, लिंबू चोळा, दोन दिवस उन्हात टाका, वास काही जायचा नाही. पुढे तो वास मला वासच वाटेनासा झाला, हा भाग वेगळा.

१९८३ साली पहिल्या खेपेला रीतीप्रमाणे मी माहेरी आले. आठव्या महिन्यातच मुलगी झाली. अकरा दिवस होती. माझ्या वडिलांनी विशाखापट्टणला तीन तारा केल्या. मुलगी झाली म्हणून एक, तिची तब्येत बरी नाही म्हणून दुसरी, आणि तिसरी. बोट तेव्हा समुद्रावर होती. हे परत आले तेव्हा तिन्ही तारा ह्यांच्या हातात एकदम पडल्या. कुठली आधी उघडली, ते मी कधी विचारलं नाही. ह्यांनीही सांगितलं नाही. पुढे मुलगा झाला, मोठा झाला, हे निवृत्त झाले, आम्ही वेंगुर्ल्याला घर बांधलं. चाळीस वर्षांत ह्या घरात त्या अकरा दिवसांचा विषय निघाला नाही. मी मनातल्या मनात मात्र त्या बोटीला कधी माफ केलं नाही. तिचं आयुष्य संपलं आणि ती तोडायला गेली असं कळलं, त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी जेवले. खोटं कशाला सांगू?

तर अशी मी, आणि २०२३ च्या जानेवारीत पुतणीच्या लग्नासाठी पुन्हा विशाखापट्टणला जायचा योग आला. तिथे रामकृष्ण बीचवर वाळूत एक आख्खी पाणबुडी उभी करून ठेवली आहे, 'कुरसुरा' नावाची. हे म्हणाले, "चल, दाखवतो." मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या, मी बसते समोर." हे काही बोलले नाहीत. ह्यांचं न बोलणं मला कळतं, म्हणून गेले. तर सोमवार! सोमवारी बंद. मनात म्हटलं, बरं झालं. पण मंगळवारी पुन्हा गेलोच.

ही कुरसुरा म्हणजे ह्यांच्या बोटीची सख्खी बहीण. आपल्या नौदलानं सोव्हिएत रशियाकडून अशा आठ पाणबुड्या घेतल्या. त्यांतल्या एकीला तर आपल्या अलिबागजवळच्या जलदुर्गाचंच नाव होतं, 'खांदेरी'. कुरसुरा १९६९ च्या डिसेंबरात रीगा बंदरात नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात होती, आणि २००१ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली. मग तिला समुद्रातून ओढून वाळूवर आणायचं ठरलं. लांबी जवळजवळ नव्वद मीटर, म्हणजे आमच्या गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत! शेवटचे काही शे मीटर ओढून आणून, पाया घालून, सगळं नीट लावेपर्यंत दीड वर्ष गेलं आणि साडेपाच कोटींच्या आसपास खर्च झाला म्हणतात. २००२ च्या ऑगस्टमध्ये ती लोकांना पाहायला खुली झाली. समोर रस्त्यापलीकडे आता एक मोठं विमानही ठेवलंय. ते मी पाहिलं नाही, पाय दुखत होते.

आत शिरलं की एक बोळ, आणि बोळाला जागोजागी गोल दारं. वाकून, एक पाय आधी टाकून जायचं. माझ्या पुढे एक जाड बाई होत्या, त्या आणि मी एकमेकींना हात देत गेलो. पुढच्या टोकाला पाणतीर सोडायच्या सहा नळ्या, मागच्या टोकाला चार, आणि मध्ये जिथे म्हणून जागा उरली आहे तिथे नळ, चाकं, घड्याळांसारख्या तबकड्या. पंचाहत्तरएक माणसं ह्यात राहायची. स्वयंपाकघर पाहिलं आणि मी थांबलेच. आपल्या घरातली कोठीची खोलीसुद्धा त्याहून ऐसपैस असते. तेवढ्या जागेत पंचाहत्तर माणसांचं दोन वेळचं! गोडं पाणी मोजून मिळायचं, अंघोळीचं तर नावच नको. तो डिझेलचा वास इतका का मुरायचा, ते मला तिथे उभी राहून कळलं.

दाखवणारे गृहस्थ नौदलातूनच निवृत्त झालेले. ह्यांनी तबकडीकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरूनच त्यांनी ओळखलं. "कुठल्या बोटीवर?" विचारलं. ह्यांनी नाव सांगितलं. मग काय, दोघे बायकांसारखे गप्पा मारत बसले. गप्पा कसल्या, तर गंजाच्या! मी कान देऊन ऐकत होते, कारण गंज हा माझाही विषय. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज, कपाटाची कडी, शिवणयंत्राचा पाय, काय काय म्हणून जपायचं!

पाण्यात असताना बोटीच्या अंगाला जस्ताचे ठोकळे लावलेले असतात. खारं पाणी आधी जस्ताला खातं आणि लोखंड वाचतं. मोठ्या सुनेनं बोलणी खावीत आणि धाकटीनं सुटावं, तसं. पण बोट वाळूवर आली की त्या ठोकळ्यांचा काही उपयोग नाही. वरून पाऊस, समोरून खारा वारा. पाणबुडीला दोन अंगं असतात. आतलं जाड, आणि त्यावर पातळ पत्र्याचं. दोन्हींच्या मधल्या फटीत पाणी साचतं, आणि तिथे धड माणसाचा हात पोचत नाही. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आतून पत्रा पापडासारखा होत जातो. २००७ च्या सुमाराला कुरसुराचे खाल्लेले पत्रे काढून नवे बसवावे लागले होते. दिवाळीच्या तोंडावर आपण गंजलेल्या गजांवर घाईघाईनं रंग फासतो ना, तसं इथे करून चालत नाही. गंज खरवडून लोखंड उघडं करायचं, ते कोरडं असतानाच अस्तराचा हात द्यायचा, मग वरचे हात. आणि काही वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. आतही तेच. दिवसभर माणसांचा श्वास आणि घाम, त्याचं पाणी थंड पत्र्यावर धरतं. पितळेची चाकं रोज पुसली तरच पितळ दिसतं.

एवढं सगळं कशासाठी, असं मी म्हटलं असतं. पण मुंबईची 'विक्रांत' मला आठवली. २००१ पासून ती लढाऊ जहाजाचं संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती. मुलाला घेऊन आम्ही पाहायला गेलो होतो, तर ह्यांनी त्याला तीन तास हलू दिलं नाही. २०१२ मध्ये ती धोक्याची झाली म्हणून लोकांना बंद केली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. केवढं जहाज, केवढं नाव! तिला जागा द्यायला आणि राखायला जो पैसा लागत होता, तो कुणी उभा केला नाही. विकत घ्यायला सोपं, सांभाळायला कठीण, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

मागच्या टोकाशी, नळ्यांच्या अलीकडे झोपायच्या फळ्या आहेत, एकीवर एक. तिथे हे थांबले. बरोबरचे लोक पुढे गेले, ते गृहस्थही गेले. ह्यांनी मधल्या फळीवर हात ठेवला.

"आमच्या बोटीत ही माझी जागा," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "डोक्यावर असा नळ होता. त्याच्या रंगावर मी स्क्रू-ड्रायव्हरनं नाव कोरलं होतं."

"कुणाचं?"

"मुलगीच होणार असं मला वाटत होतं. त्या फेरीत ठरवलं होतं नाव."

मी ह्यांच्याकडे पाहतच राहिले. चाळीस वर्षं! मी समजत होते की ती अकरा दिवस माझीच होती, ह्यांच्या वाट्याला नुसत्या तीन तारा आल्या. आणि इथे हे पाण्याखाली पडल्या पडल्या तिला नाव देऊन बसले होते. बारसं कुणी केलं नाही म्हणून मी इतकी वर्षं मनात जळत होते. ते झालं होतं. त्या मेलीच्या पोटात झालं होतं.

"मग पुसलं का नाही, परत आल्यावर?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"रंगाचे दिवस आले की मी त्या नळाला रंग देऊ द्यायचो नाही. माझं इंजिन, माझे नळ, मी बघतो म्हणायचो." मग म्हणाले, "बोट तोडली तेव्हा गेलं ते."

ह्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. लोक मागून येत होते, एका मुलाचा बूट माझ्या पायावर पडला, आम्ही गोल दारातून वाकून बाहेर आलो. उन्हात डोळे दिपले. शेंगा घेतल्या, समुद्राकडे तोंड करून बसलो. हे म्हणाले, "डाव्या बाजूला, तिसऱ्या खणात खाली गंज धरलाय. त्यांना सांगायला हवं होतं." आणि उठून पुन्हा आत गेले, सांगायला!

घरी आल्यावर ह्यांना छंदच लागला. मुलानं फोनवर शोधून द्यायचं आणि ह्यांनी मला वाचून दाखवायचं. जर्मनांची एक पाणबुडी, यू-५०५, अमेरिकनांनी १९४४ मध्ये पकडली. १९५४ पासून ती शिकागोच्या संग्रहालयाबाहेर ऊन-बर्फ खात उभी होती, ती पन्नास वर्षांनी एकदाची छपराखाली घेतली. इंग्लंडच्या नौदलाची पहिली पाणबुडी 'हॉलंड वन' १९१३ मध्ये भंगारात नेताना बुडाली. तिचा १९८१ मध्ये पत्ता लागला आणि पुढच्या वर्षी वर काढली. औषधं लावून, पुसून-पासून मांडली, तर दहा-बारा वर्षांत आतून पुन्हा गंज फुटायला लागला. लोखंडात मीठ मुरलेलं होतं. मग तिच्याभोवती टाकी बांधून आख्खी बोट चार वर्षं सोड्याच्या पाण्यात भिजत घातली, मीठ बाहेर यावं म्हणून. कसला सोडा, विचारलं. धुण्याचा! मी म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वी मला विचारायचं होतं. आता ती कोरड्या हवेच्या बंद घरात असते.

माझ्या माहेरची पत्र्याची ट्रंक माळ्यावर आहे. तीत दोन झबली, एक टोपडं आणि त्या तीन तारा. मी समजत होते की ती ट्रंक कुणाला माहीत नाही. लग्नाहून परतल्यावर आठवड्याभरात ह्यांनी ती आपणहून खाली उतरवली. तळाला आणि कोपऱ्यांना पत्रा खाल्ला होता. आतल्या वस्तू माझ्या हातात दिल्या, त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. मग अंगणात बसून दोन दिवस खरवडत होते. खरवडून झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून लगेच तांबड्या रंगाचं अस्तर, दुसऱ्या दिवशी आणखी एक हात, वर करडा रंग. झाकणाच्या आतल्या बाजूला रंग द्यायच्या आधी त्यांनी मला स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितला. मी दिला आणि स्वयंपाकघरात गेले.

ही गोष्ट होऊन पावसाळे गेले. तळ अजून शाबूत आहे. पण बिजागरीपाशी काल पुन्हा तांबूस डाग दिसला. पॉलिश-पेपर कुठे ठेवलाय म्हणून हे अंगणातून दोनदा ओरडले. तेवढा देऊन येते.