आशाताई शेजारी बसल्या तेव्हा

‘सहा महिने फक्त अंगावर पाजा,’ एवढं सांगून दवाखान्यातून घरी सोडलं. पाजायचं कसं, ते कुणी दाखवलं नाही. हैदराबादेत गौलीगुड्यातल्या आमच्या घरात मग जो तो सांगू लागला. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्या उकाड्यात दोन चमचे पाणी नको का लेकराला?" शेजारच्या काकू मध चाटव म्हणत. आई फोनवर अळिवाची खीर नि डिंकाचे लाडू यांच्या पुढे जाईना. माझ्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या, दर वेळी डोळ्यांत पाणी यायचं, आणि पिऊन झालं तरी लेक रडतच असायची. "हिला दूधच पुरत नाही," असं ठरून गेलं. कोटीच्या बाजारातून दुधाच्या पावडरीचा डबा आणायची तयारी झाली. 1992च्या कायद्याने अशा डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, पण भूक भूक करणारं बाळ कुशीत असताना कायदा कुणाला आठवतो?

हनुमान जयंतीला राममंदिरातून ताडबंदच्या हनुमान मंदिराकडे जाणारी मिरवणूक निघाली होती. त्या गर्दीतून वाट काढत आमच्या वस्तीच्या आशा कार्यकर्त्या, आशाताई, आल्या. "पिलाव अम्मा, मैं देखती," म्हणत माझ्या शेजारी बसल्या. लेक नुसतं टोक चोखत होती. त्यांनी तिला पुरती माझ्याकडे वळवली, पोटाला पोट लावलं. तिनं जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायला लावलं आणि मग चटकन जवळ घ्यायला सांगितलं. हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेला. कळ ओसरली. थोड्या वेळानं घोट गिळल्याचा आवाज आला. तो सासूबाईंनीही ऐकला.

"दूध में पानीच है," त्या सासूबाईंना म्हणाल्या. खरंच, आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असतं. वरचं दूध सुरू केलं की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूधही कमी होतं, हे त्यांनी समजावलं. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. तेव्हापासून लंगोट मोजायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. डबा आणायचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी यायचं असतं. त्यांना ‘सगळं ठीक आहे’ म्हणून दारातूनच परत पाठवू नका. आत बोलवा आणि त्यांच्यासमोर बाळाला पाजा.