'डिव्हाइड' आणि भागणे

'डिव्हाइड' हे इंग्रजी क्रियापद सोपे दिसते. पण त्याचे सारे वजन पुढच्या शब्दावर. तुकडे पडले की 'इन्टू': १ मे १९६० रोजी मुंबई राज्य 'डिव्हायडेड इन्टू महाराष्ट्र अँड गुजरात'. दोघांत वाटायचे तर 'बिट्वीन', अधिकांत बहुधा 'अमंग'. भागाकाराला 'बाय'. गंमत अशी, की आपल्या शाळांत 'तीन इन्टू चार' म्हणजे गुणाकार. इथे तोच शब्द तुकडे पाडतो!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. यंदा आबा आणि दोघे चुलते यांची वाटणी झाली. तीन एकर रान, 'इन्टू' तीन तुकडे, 'अमंग' तीन भाऊ. मध्ये बांध पडले, तेही 'बाय'च. वेगळे करणाऱ्या वस्तूला तोच शब्द लागतो. व्याकरण चोख बसले. आबांना मी हे सगळे समजावून सांगितले.

ते म्हणाले, "तिनाला तिनानं भागलं की एक, हे मला बी येतं. पण एका एकरात भागंल का, ते विंग्रजीत कसं म्हणत्यात?"

भागणे म्हणजे पुरणे, हा अर्थ 'डिव्हाइड'ला ठाऊकच नाही. तिथे 'सफाइस' हे निराळे क्रियापद घ्यावे लागते.

आबांनी एक बैल विकायला काढला आहे.