रेणापूर ते नागपूर : अंतर कशात मोजायचे?



आमच्या रेणापूरपासून नागपूर आकाशातून सरळ मोजले तर साधारण 390 किलोमीटर. विमानाला तासाभराचे काम. रस्त्याने अहमदपूर, नांदेड, यवतमाळ करत गेले तर हेच अंतर पाचशेच्या घरात जाते आणि अख्खी रात्र गाडीत निघते. पण आम्ही हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही, मजुरीच्या दिवसांत मोजतो. अशोक विजयादशमी येते ती नेमकी सोयाबीनच्या काढणीत. वर्षभरात हाताला काम असते ते याच दिवसांत. दीक्षाभूमीला जायचे म्हणजे जाणे-येणे आणि तिथला मुक्काम धरून तीन दिवसांची मजुरी सोडायची, वर गाडीभाडे द्यायचे. तरीही आमच्या आयाबाया भाकरी बांधून निघतात.

विमानाला आमचा विरोध नाही. ऑक्टोबर 1956 मध्ये बाबासाहेब दिल्लीहून नागपूरला विमानानेच आले होते. त्याच डिसेंबरमध्ये त्यांचे पार्थिवही दिल्लीहून मुंबईला विमानाने आणावे लागले. वेगाची किंमत आम्हाला कळते. आमचा प्रश्न एवढाच की वेग कोणासाठी आणि पैसा कोणाचा?

27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेतले पहिले विमान उडाले. हवाई चप्पल घालणाराही विमानात दिसावा, असे पंतप्रधान म्हणाले. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. तासाभराच्या उड्डाणाला, तेही निम्म्याच जागांसाठी, 2,500 रुपयांची मर्यादा होती. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला एका बाजूचे 10,000 रुपये. हवाई चप्पल घालून सोयाबीन काढणाऱ्याचा हा हिशेब कोणी केला होता?

आता योजनेचा दुसरा भाग पाहा. विमान तोट्यात जाऊ नये म्हणून कंपनीला तीन वर्षे तूट भरून मिळते. त्यात आपल्या राज्याचा वाटा 20 टक्के. याला धोरण म्हणतात. पण तांड्यावर, वस्तीवर जाणारी मुक्कामी बस रिकामी धावली की तो 'तोट्यातला मार्ग' ठरतो आणि बस बंद होते. कॉलेजला जाणारी मुलगी घरी बसते. विमानाची रिकामी खुर्ची सरकार भरून देते, मग बसची का नाही?

लातूरला विमानतळ आहे. 2009 मध्ये तो, नांदेडचा आणि आणखी तीन विमानतळ 95 वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीकडे दिले गेले. लातुरात नियमित प्रवासी सेवा काही टिकली नाही.

रेल्वेचे काय? नांदेडहून नागपूरला जाणारी गाडी आजही अकोल्याकडून किंवा आदिलाबादकडून वळसा घेते. हा वळसा मोडणारा वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यावर पहिली गाडी धावली, ती फक्त वर्धा ते कळंब. पंधरा वर्षांत एवढेच! या मार्गाने फक्त दीक्षाभूमीची वाट जवळ होणार नाही. नागपूरला उपचाराला, शिक्षणाला, कोर्टाच्या कामाला जाणाऱ्या प्रत्येक गरिबाचा दिवस वाचणार आहे.

1979 मध्ये नामांतरासाठी याच दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला तेव्हा आपल्या माणसांनी शेकडो किलोमीटर पायी तुडवले. अंतराला आपण कधीच भ्यालो नाही. पण आपली सहनशक्ती ही सरकारची सोय होऊ द्यायची नाही.

म्हणून रेणापूर, अहमदपूर, लोहा, कंधारच्या तरुणांनी दोन मागण्या घेऊन निवेदने द्यावीत, खासदार-आमदारांना जाहीर प्रश्न विचारावेत. एक, वर्धा-नांदेड रेल्वेमार्गाची अंतिम तारीख लेखी द्या. दोन, विमानाला जशी तूट भरून देता तशी वस्तीवरच्या बसला द्या. पुढच्या विजयादशमीची वाट पाहू नका. अधिवेशनाआधी निवेदन पोचले पाहिजे.

जयभीम!